थ्री-कुशन शिकायचंय? आधी चॅम्पियनचं करिअर नीट वाचायला शिका

नेदरलँड्समधून परत आल्यापासून निदान दहा जणांनी विचारलं असेल, की तू तिकडे दर मंगळवारी रात्री ते काय खेळायचास, ते भोकं नसलेलं बिलियर्ड्स, ते कसं शिकायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय, जमेल तसं. मी काही चॅम्पियन नाही, आइंडहोवनजवळच्या एका गावातल्या कॅफेत चार वर्षं खेळलो आणि बहुतेक वेळा हरलो. पण हरताना जे कळलं ते सांगतो.

पहिला गोंधळ नावाचा. या भोकं नसलेल्या खेळाला कॅरम बिलियर्ड्स म्हणतात, आणि कॅरम म्हटलं की आपल्याकडे लगेच बोर्ड, स्ट्रायकर, क्वीन आणि बोरिक पावडर. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण अगदीच नाही असंही नाही, कारण रिबाउंडची सवय असलेला मराठी माणूस इथे पटकन रुळतो, ते पुढे येईलच. कॅरम बिलियर्ड्सच्या टेबलाला पॉकेटच नसतं. मोठं मॅच टेबल आतून २.८४ मीटर लांब आणि १.४२ मीटर रुंद, वर फक्त तीन बॉल, एक पांढरा, एक पिवळा, एक लाल. एकाचा क्यू बॉल, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा बॉल, पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. तुमचा बॉल बाकीच्या दोन्ही बॉलना लागला की पॉइंट. विल्सन जोन्स, मायकल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी खेळले ते इंग्लिश बिलियर्ड्स, त्यात पॉकेट असतं आणि दोन्ही बॉलना लागलं की त्याला कॅनन म्हणतात. तर कॅरम बिलियर्ड्स म्हणजे नुसतं कॅननच कॅनन असं समजा.

थ्री-कुशन हा त्यातलाच एक प्रकार, त्यात अट अजून कडक आहे. दुसऱ्या बॉलला लागायच्या आधी तुमच्या बॉलने निदान तीन वेळा कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, शिवलेलं पाहिजे. बॉल आधी की कुशन आधी याला बंधन नाही, एकाच कुशनला दोनदा लागलं तरी दोन धरतात. तीन कुशन पूर्ण व्हायच्या आत शेवटचा बॉल लागला तर शून्य. एक शॉट एक पॉइंट, चुकलात की बसा खुर्चीत. आणि त्या खुर्चीत बसणं हा या खेळाचा अर्धा भाग आहे हे कुणी आधी सांगत नाही, समोरचा सात-आठ पॉइंट करत असतो आणि आपण खडू हातात धरून भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचं.

आता मुद्द्यावर. तुम्ही गुगल केलं की रेमंड क्युलेमान्स हे नाव येणारच. बेल्जियमच्या लियर गावचा, जन्म १९३७. ३५ वर्ल्ड टायटल्स, त्यातली २३ थ्री-कुशनची आणि बाकीची १२ कॅरमच्या इतर प्रकारांतली, वर ४८ युरोपियन टायटल्स. लोक त्याला मिस्टर १०० म्हणतात ते शंभरावं टायटल मारल्यावर पडलेलं नाव. १९६३ ते १९७३ सलग अकरा वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, १९७४ ला जपानच्या नोबुआकी कोबायाशीने साखळी तोडली, तर पुढच्या वर्षी हा परत हजर, आणि १९८० पर्यंत पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. मग २००१ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, परत वर्ल्ड चॅम्पियन. चौसष्ट! आपल्याकडे त्या वयात माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडत असतो.

हे आकडे वाचून आपण "बाप रे" म्हणतो आणि पुढे जातो, तिथेच चूक होते. शिकायचं असेल तर चॅम्पियनचं करिअर टायटल मोजून वाचायचं नाही. तीन गोष्टी बघायच्या: तो थ्री-कुशनच्या आधी काय काय खेळला, त्याचं अ‍ॅव्हरेज (दर पाळीला सरासरी पॉइंट) किती होतं, आणि पॉइंट झाल्यावर बॉल कुठे थांबायचे. मला हे चार वर्षांत हळूहळू उमगलं. आधीच कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

पहिली गोष्ट, ती १२ इतर टायटल्स. सगळे ती सोडून देतात. कॅरमचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे लिब्रे, कुशनची अट नाही, दोन्ही बॉलना लागा, झालं. त्यानंतर बॉकलाइन, म्हणजे टेबलावर रेघा मारून चौकोन करतात आणि एका चौकोनात ठराविक पॉइंटच करता येतात, नाहीतर चांगले खेळाडू बॉल कोपऱ्यात गोळा करून तासभर तिथेच टुकटुक करत बसतात. मग वन-कुशन. मग थ्री-कुशन. जुन्या युरोपियन खेळाडूंची शाळा अशी पायरीपायरीने झाली. आपण मात्र यूट्यूबवर थ्री-कुशनचा एक भन्नाट शॉट बघतो आणि डायरेक्ट तोच मारायला जातो. मीही तेच केलं. पहिल्या रात्री माझं अ‍ॅव्हरेज आलं ०.१८. शेजारी बसलेले एक रिटायर्ड आजोबा काही बोलले नाहीत, नुसते उठले, तीन बॉल एकमेकांपासून वीतभर अंतरावर मांडले आणि म्हणाले, आधी हे दहा वेळा सलग कर. लिब्रे. मला सलग चार जमले.

तर पायरी एक: निदान दोन महिने लिब्रे खेळा. बॉल जवळ ठेवायचे, हलक्या हाताने मारायचं, आणि प्रत्येक वेळी बघायचं की शॉट झाल्यावर तिन्ही बॉल अजून जवळच आहेत का. पॉइंट झाला आणि बॉल पांगले तर तो शॉट वहीत अर्धाच धरा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण यातून दोन गोष्टी हातात बसतात, एक म्हणजे किती जाड किंवा पातळ लागायचं, आणि दुसरी म्हणजे वेग.

जाड-पातळ म्हणजे तेच, जे आपण बोर्डवर पातळ कट म्हणतो. समोरच्या बॉलचा किती भाग आपल्या बॉलने झाकला जातो ते. सुरुवातीला फक्त हाफ-बॉल पक्का करा, म्हणजे क्यूची रेघ समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवर रोखायची. बॉल नीट रोल होत असेल तर हाफ-बॉल लागल्यावर आपला बॉल आधीच्या रेषेपासून साधारण ३० अंशात वळतो, आणि गंमत म्हणजे थोडं जाड किंवा थोडं पातळ लागलं तरी कोन फारसा बदलत नाही. म्हणून हा शॉट माफ करणारा आहे. फुल आणि अगदी पातळ शॉट माफ करत नाहीत, ते नंतर.

उभं राहणं, ब्रिज (क्यू टेकवायचा पुढचा हात), क्यू सरळ चालणं, यावर मी फार लिहीत नाही, स्नूकर खेळणारा कुणीही तुम्हाला दाखवेल. फरक इतकाच की कॅरमचा क्यू जरा आखूड आणि पुढून जाड असतो, टीप साधारण ११-१२ मिलिमीटरची, कारण बॉल मोठा आणि जड आहे, व्यास ६१.५ मिलिमीटर, वजन २०५ ते २२० ग्रॅम. स्नूकरच्या बारीक टीपने तो ढकलताना मनगटाला त्रास होतो. आणि स्टाइलच्या मागे जीव टाकू नका. अमेरिकेचा विली हॉपी लहानपणी टेबलाला पुरायचा नाही म्हणून खोक्यावर उभा राहून खेळायचा, त्यामुळे त्याचा हात बाजूने फिरायचा, पुस्तकी पद्धतीने चुकीचाच. त्याच हाताने त्याने १९०६ मध्ये पॅरिसला, वयाच्या १८ व्या वर्षी, फ्रान्सच्या मॉरिस विन्योला हरवून बॉकलाइनचं वर्ल्ड टायटल घेतलं, आणि १९५२ ला रिटायर होईपर्यंत ५१ टायटल्स केली. तेव्हा हात सरळ नाही म्हणून रडू नका, हात प्रत्येक वेळी सारखाच चालतो का ते बघा.

पायरी दोन, साइड. बॉलच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे मारलं की बॉल भिरभिरत जातो आणि कुशनला लागल्यावर कोन बदलतो. थ्री-कुशनमध्ये बहुतेक शॉटना रनिंग साइड लागते, म्हणजे बॉल कुशनवरून ज्या बाजूला वळणार आहे त्या बाजूची साइड. उजव्या कुशनवर लागून डावीकडे वळणार असेल तर डावी साइड. उलटी दिली तर बॉल कुशनवर अडखळल्यासारखा होतो. ती पण एक कला आहे पण पहिल्या वर्षात तिच्याकडे बघूही नका, मी बघितलं, तीन महिने वाया गेले. वरच्या भागावर मारलं की फॉलो, म्हणजे आपला बॉल दुसऱ्याला लागूनही पुढे जातो, खाली मारलं की ड्रॉ, म्हणजे मागे येतो, हे पूल खेळणाऱ्यांना माहीतच असतं.

आता पायरी तीन, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. डायमंड सिस्टम. टेबलाच्या लाकडी कडेवर जे ठिपके असतात तेच डायमंड, ते सजावटीला नसतात. लांब बाजूचे आठ समान भाग केलेले असतात, रुंद बाजूचे चार. त्यावरून गणित करून बॉल तिसऱ्या कुशनवर कुठे येईल ते आधीच काढता येतं.

असं करा. टेबलाच्या रुंद बाजूला उभे राहा, टेबल तुमच्यासमोर लांबलचक पसरलेलं. क्यू बॉल तुमच्या डाव्या हाताच्या जवळच्या कोपऱ्यातून निघतोय असं धरा. त्या कोपऱ्याचा नंबर ५०. डाव्या लांब कडेने एकेक डायमंड पुढे सरकलात की ५ कमी, ४५, ४०, ३५ असं. आता समोर उजवी लांब कड. तिथे मोजायला सुरुवात तुमच्यापासून लांबच्या कोपऱ्यातून, पहिला डायमंड १०, दुसरा २०, तिसरा ३०. बॉल उजव्या कडेला लागेल, मग समोरच्या रुंद कडेला, मग परत डाव्या लांब कडेला. ही तिसरी कड. तिथेही लांबच्या कोपऱ्यातूनच मोजायचं, १०, २०, ३०.

सूत्र एकच: सुरुवातीच्या नंबरातून तिसऱ्या कुशनचा नंबर वजा करा, जे उरेल तिथे पहिल्या कुशनवर मारा. तिसऱ्या कुशनवर २० ला यायचंय, निघतोय ५० वरून, ५० वजा २० म्हणजे ३०. डावी रनिंग साइड, मध्यम वेग, क्यू लांब पुढे जाऊ द्या. आणि रेघ लाकडावरच्या त्या ठिपक्यातून जाते असं धरून मारा, कुशनच्या रबराच्या कडेवर त्याच्या सरळ समोरचा बिंदू धरून नाही. हा फरक मला कुणीतरी सहा महिन्यांनी सांगितला, तोपर्यंत मी सिस्टमच खोटी आहे म्हणून सगळ्यांशी वाद घालत होतो.

पहिल्यांदा हे दुसरे बॉल न मांडता, एकट्या बॉलवर करा. ५० वरून ३० वर मारा आणि तिसऱ्या कुशनला बॉल कुठे लागतो ते बघा. दहा वेळा. जर दर वेळी २० च्या ऐवजी २३ ला लागत असेल तर तुमचं चुकत नाहीये, त्या टेबलाचाच तेवढा फरक आहे, मग त्या दिवशी सगळीकडे ते ३ धरून चाला. दहा वेळा दहा जागी लागत असेल तर मात्र टेबलाला दोष देऊ नका राव.

टेबलाचा फरक का पडतो तर हवेमुळे. पावसाळ्यात आपला कॅरम बोर्ड कसा जड होतो, स्ट्रायकर सरकतच नाही, मग आई ओरडेपर्यंत पावडर ओततो आपण. तिथे पावडर नाही चालत, तिथे टेबलाच्या दगडी स्लॅबला खालून हीटर लावलेला असतो. खरंच. हात ठेवला तर टेबल कोमट लागतं. कापड कोरडं राहतं, बॉल लांब पळतो आणि कुशनवरून रोज सारखाच उसळतो. कापडही लोकरीचं, बारीक विणीचं. बेल्जियमच्या व्हेर्व्हिए भागातली सिमोनिस ही कंपनी १६८० पासून कापड विणतेय, आणि मोठ्या स्पर्धांमध्ये दिसणारे बॉलही बेल्जियमचेच, अ‍ॅरामिथचे. एवढ्याशा देशातून इतके चॅम्पियन का येतात याचं थोडं उत्तर इथे पण आहे, टेबल, कापड, बॉल, कॅफे, सगळं घराजवळ.

पायरी चार, किस. हसू नका, शब्दच तो आहे. दोन बॉल नको तिथे एकमेकांवर आदळले की त्याला किस म्हणतात आणि नवख्याचे अर्धे पॉइंट त्यातच जातात. तुम्ही लाल बॉलला मारता, तुमचा बॉल सुंदर निघतो, तीन कुशन घेतो, पिवळ्याकडे चाललाय, आणि तेवढ्यात लाल महाशय समोरच्या कुशनवर आपटून परत येतात आणि धाडकन मधे घुसतात. सगळे म्हणतात बॅड लक. बॅड लक वगैरे काही नसतं हो, दहापैकी आठ वेळा ते आधी दिसत होतं. शॉट मारायच्या आधी स्वतःच्या बॉलचा रस्ता बघता ना, तसाच पहिल्या बॉलचा रस्ता पण बोटाने हवेत काढून बघा. दोन रस्ते कुठे छेदतात, आणि तिथे आधी कोण पोचतो? छेदत असतील तर थोडं जाड मारा म्हणजे तो बॉल आधी निघून जाईल, किंवा थोडं पातळ म्हणजे तो मागे रेंगाळेल, आणि साइडने कोन भरून काढा. हे एवढं एक जरी केलंत तरी अ‍ॅव्हरेज वर सरकतं.

पायरी पाच, मोठा बॉल. हे नाव ऐकून मला पहिल्यांदा वाटलं वेगळा बॉल असतो की काय. दुसरा बॉल जर कोपऱ्याजवळ, कुशनपासून बॉलभर अंतर सोडून उभा असेल तर तुमचा बॉल त्याला सरळ येऊनही लागू शकतो आणि मागच्या कुशनवर आपटून परत येतानाही लागू शकतो, म्हणजे लक्ष्य एका बॉलएवढं न राहता त्याच्या कितीतरी पट होतं. बोर्डवर सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी असली की आपण कसं डोळे झाकून मारतो तसं. टेबलाच्या मधोमध उभा बॉल मात्र छोटा, तिथे एक संधी आणि बास. दोन शॉट दिसत असतील तर दिसायला भारी तो सोडा आणि मोठ्या बॉलवर जातो तो घ्या.

आता अ‍ॅव्हरेज, ज्याला तिकडे मोयेन म्हणतात आणि ज्यावरून तिथे माणसाची ओळख होते. क्लबात नवीन माणूस आला की नावानंतरचा दुसरा प्रश्न हाच, तुझं मोयेन किती. एकूण पॉइंट भागिले एकूण इनिंग. इनिंग म्हणजे टेबलावर तुमची एक पाळी, मग त्यात शून्य करा नाहीतर दहा. ३० इनिंगमध्ये ९ पॉइंट केले तर ०.३००, तीन दशांश स्थळांपर्यंत काढायचं, तिथले लोक यात फार काटेकोर. नवखा ०.२ ते ०.३ मध्ये असतो, क्लबातला बरा खेळाडू ०.५ च्या आसपास, १ म्हणजे प्रत्येक पाळीला सरासरी एक पॉइंट, तो माणूस गावात दादा. आणि आजच्या जगातल्या टॉप खेळाडूंच्या मॅच १.५, २, कधी त्याच्याही वर जातात. स्नूकरमध्ये सेंच्युरी ब्रेक ऐकायची सवय असलेल्याला २ हा आकडा फालतू वाटेल, एकदा टेबलावर उभे राहा म्हणजे कळेल. एका पाळीत २८ पॉइंट हा किती तरी वर्षं मॅचमधला सगळ्यात मोठा रन होता, आणि तो करणाऱ्या मोजक्या लोकांत क्युलेमान्स पण आहे.

या मोयेनची खरी गंमत हँडिकॅपमध्ये आहे. क्लब मॅचमध्ये ज्याचं अ‍ॅव्हरेज जास्त त्याला जास्त पॉइंट करायचे, माझ्यासारख्याला कमी. म्हणजे मी १२ पॉइंट करायचे आणि समोरचे आजोबा ३०. त्यामुळे हरलो तरी मॅच शेवटपर्यंत रंगते, आणि कागदावर मोजणारा दोघांच्या शेवटच्या काही पॉइंटांना मोठ्याने सांगतो, अजून तीन, अजून दोन. ते "अजून एक" ऐकलं की माझा हात थरथरायचाच, चार वर्षांत गेला नाही तो थरथराट.

तर एक वही करा. तारीख, इनिंग, पॉइंट, सगळ्यात मोठा रन. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. दर महिन्याला बेरीज करा. एका संध्याकाळचा आकडा काही सांगत नाही, तीन महिन्यांचा सांगतो. माझ्या वहीत ०.१८ पासून ०.३१ पर्यंत यायला पहिलं वर्ष गेलं, पुढच्या दोन वर्षांत ०.४४, मग अडकलं ते अडकलंच. आता कळतं की क्युलेमान्सची सलग अकरा टायटल्स हा मनाच्या खंबीरपणाचा वगैरे विषय नुसता नाही. पन्नास पॉइंटच्या मॅचमध्ये नशीब खूप असतं, कुणीही एखाद्या दिवशी चमकतो, अकरा वर्षं कुणाच्याही एखाद्या चमकत्या दिवसाने तुम्ही पडत नाही याचा अर्थ तुमचं अ‍ॅव्हरेज बाकीच्यांच्या इतकं वर आहे की त्यांचा चांगला दिवस म्हणजे तुमचा साधा दिवस.

आणि तिसरी गोष्ट, बॉल कुठे थांबतात. मॅच बघायला बसलात तर हे करून बघा. खेळाडूचा बॉल कुठे जातो ते बघूच नका, ते कॅमेरा दाखवतोच. ज्या बॉलला पहिल्यांदा मारलं तो कुठे जाऊन थांबतो ते बघा. चांगल्या खेळाडूचा तो बॉल वारंवार कोपऱ्याकडे जाऊन थांबलेला दिसेल, म्हणजे पुढच्या शॉटला मोठा बॉल तयार. नेदरलँड्सचा डिक यास्पर्स बघा, पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, २००० ला पहिल्यांदा आणि २०२१ ला पाचव्यांदा. त्याचे शॉट बघून कधीकधी वाटतं यात काय विशेष, सोपेच तर होते. सोपे का होते ते बघायचं. त्याच्या उलट तुर्कीचा सेमीह सायगिनर, २००३ चा चॅम्पियन, त्याचे शॉट बघून तुम्ही खुर्चीतून उठाल, पण शिकायला पहिली दोन वर्षं यास्पर्स.

बघताना लागणारे नियम पटकन सांगतो. सुरुवातीला लॅग, दोघं एकदम समोरच्या कुशनवर मारतात, ज्याचा बॉल परत येऊन आपल्याकडच्या कुशनच्या जवळ थांबतो तो ठरवतो कोण सुरू करणार. पहिल्या शॉटला आधी लाल बॉललाच लागावं लागतं. वर्ल्ड कपच्या मॅच साधारण ४० किंवा ५० पॉइंटच्या, शॉटला ४० सेकंद. सुरू करणाऱ्याने आधी पॉइंट पूर्ण केले तर दुसऱ्याला बरोबरीची एक पाळी मिळते, तेव्हा मॅच संपली समजून चहा करायला जाऊ नका.

कोरियाची पीबीए ही प्रो टूर लागली तर वेगळंच दिसेल. २०१९ ला सुरू झाली, १५ पॉइंटचे सेट, आणि आधी कुशन घेऊन मग बॉलला लागणाऱ्या बँक शॉटला २ पॉइंट. बेल्जियमचा फ्रेडरिक कोद्रों, तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, पहिल्याच वर्षी तिकडे गेला. पैसा तिकडे आहे हे उघड आहे, टूरच्या एका स्पर्धेच्या विजेत्याला १० कोटी वॉन. जुने लोक बँक शॉटच्या दोन पॉइंटवर नाक मुरडतात, मला तरी मजा येते.

कोरियाचं नाव निघालंच तर स्रोंग पियावीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंबोडियाची मुलगी, २०१० ला लग्न होऊन कोरियात आली, भाषा येत नाही, घरची आठवण, करमत नाही म्हणून नवरा तिला बिलियर्ड्स हॉलमध्ये घेऊन गेला. तोपर्यंत तिने क्यू हातात धरलेला नव्हता. पुढे ती आशियाई चॅम्पियन झाली आणि मग महिलांच्या प्रो टूरवर जिंकली. कोरियातले हे हॉल म्हणजे आपल्या नाक्यावरच्या कॅरम क्लबसारखेच, फक्त खूप जास्त. काळ्या सॉसचे नूडल्स थेट टेबलाशेजारी मागवायचे आणि हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरायचं. त्यामुळेच असेल, आधी युरोपचा असलेला हा खेळ आता आशियाकडे सरकलाय, २०२३ ला व्हिएतनामचा बाओ फुओंग विन्ह वर्ल्ड चॅम्पियन झाला, २०२४ ला कोरियाचा चो म्युंग-वू.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, इथे खेळायचं कुठे. पुण्या-मुंबईत पार्लरमध्ये गेलात तर स्नूकर आणि पूल टेबलच दिसणार. कॅरम टेबल शोधत बसून वर्ष घालवू नका, पूल टेबलवर सुरू करा. पूलचे तीन बॉल घ्या, लिब्रे खेळा, कुठलाही बॉल पॉकेटमध्ये गेला की पाळी संपली असा घरचा नियम करा. याचा उलट फायदाच होतो, वेग आपोआप ताब्यात येतो. थ्री-कुशनची डायमंडची प्रॅक्टिस पूल टेबलवरही जमते, तिथेही लांब बाजूचे आठ भाग असतात, फक्त मधल्या पॉकेटच्या जागी ठिपका नसतो, तो मनाने धरायचा आणि पहिल्या कुशनचा निशाणा नेमका तिथे येत असेल तर तो शॉट सोडायचा. बॉल लहान, कापड वेगळं, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, ते दहा वेळा मारून टेबलाचा फरक काढायचं वर सांगितलंय ते इथे कामाला येतं. स्नूकर टेबलवर मात्र नका करू, बारा फुटात नवख्याचा बॉल तिसऱ्या कुशनपर्यंत पोचतच नाही, आणि जोरात मारलं तर मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा माणूस, येतो. मी परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पार्लरमध्ये तीन बॉल घेऊन एकटाच गोल गोल मारत होतो, मार्करने पंधरा मिनिटं बघितलं आणि शेवटी विचारलं, साहेब, पॉकेट करायचं जमत नाहीये का, दाखवू?

जे बाहेर आहेत, नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, कोरिया, व्हिएतनाम, त्यांना तर काही कारणच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग बघा, कोरियाहून १९८७ ला तिकडे गेलेल्या सांग लीने तिथे हा खेळ रुजवला, स्वतः १९९० पासून सलग बारा वेळा अमेरिकेचा नॅशनल चॅम्पियन. डच कॅफेतली टेबलं बऱ्याचदा मॅच टेबलपेक्षा लहान असतात, २.३० मीटरची, शिकायला उत्तम. भाषा येत नाही म्हणून लाजू नका, मला पहिले सहा महिने डचमध्ये आकडे आणि "जाड", "पातळ" एवढेच शब्द येत होते, पुरले. फक्त क्लबच्या संध्याकाळी जा, एरवी गेलात तर टेबलावर झाकण आणि वर कुणाचे तरी कोट ठेवलेले असतात.

क्यू विकत घ्यायची घाई नको. पहिले सहा महिने क्लबचा कुठलाही घ्या, पण रोज तोच घ्या, त्यावर बारीकशी खूण करून ठेवा. मी चौथ्या महिन्यात महागडा क्यू घेतला, त्या महिन्याचं अ‍ॅव्हरेज वहीत बघा तर आधीच्यापेक्षा खाली.

आणि वय. पस्तिशीत सुरू करून काय होणार असं विचारणाऱ्यांनो, स्वीडनचा टॉर्बयोर्न ब्लोमडाल १९८० च्या दशकात पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि २०१९ मध्ये, ५७ व्या वर्षी, परत झाला. या खेळात पळायचं नाही, टेबलाभोवती चालायचं आहे, आणि डोक्यात साठलेले शॉट वयाने कमी होत नाहीत. मला लिब्रे शिकवणारे ते आजोबा तेव्हा ७८ चे होते, चष्मा दोन वेळा बदलून झालेला, एक गुडघा नवीन. मी निघायच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही खेळलो, त्यांना ३० करायचे होते, मला १४. कागदावरचा माणूस माझ्यासाठी "अजून एक" म्हणाला तेव्हा ते २३ वर होते. मी हाफ-बॉल, रनिंग साइड, सगळं बरोबर केलं, बॉल पण बरोबर निघाला, आणि लाल परत आला. त्यांनी पुढच्या पाळीत सात केले, मग माझा कागद घेतला आणि त्या शॉटच्या शेजारी पेन्सिलने एवढीशी रेघ काढून दाखवली, तो कुठून परत येणार होता ती.